खाजनाचा बांध कोणी राखायचा? : गोव्यातील गावकरी संस्था व शासन यांच्या सहकार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गोव्याच्या इतिहासलेखनात राजवटी, धर्मांतरे, व्यापार आणि मुक्तिलढा या विषयांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे मांडवी व जुवारी या नद्यांच्या काठावरील चिखलमातीच्या बांधांना मिळालेले नाही. वास्तविक तिसवाडी, बार्देश, सासष्टी व फोंडा या तालुक्यांतील अनेक गावांची शेती, मासेमारी आणि मीठ-उत्पादन या बांधांच्या आधारेच उभे राहिले. बांधांच्या आतील सखल जमिनीला 'खाजन' म्हणतात. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे मानले जाते.

खाजनाचा इतिहास हा केवळ शेतीचा इतिहास नाही. सह्याद्रीच्या उतारावरून येणारे पावसाचे पाणी आणि समुद्रातून आत शिरणारे भरतीचे पाणी जेथे एकमेकांना भेटतात, त्या किनारी पाणलोटाच्या अखेरच्या टप्प्याचे व्यवस्थापन समाजाने कसे केले, याचा तो इतिहास आहे. बांध कोणी बांधावा, तो फुटल्यास कोणी धावावे, खर्च कोणी सोसावा आणि लाभ कोणी घ्यावा, हे प्रश्न प्रत्येक राजवटीपुढे उभे राहिले. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की, बांधाचा लाभ घेणारे आणि बांधाचा भार वाहणारे जोवर एकच होते, तोवर समुदाय व शासन यांचे सहकार्य टिकले. लाभ व भार यांची फारकत झाल्यावर मात्र कायदे आणि अनुदाने असूनही बांध दुबळे झाले.

खाजनाचे स्वरूप व कार्यपद्धती

गोव्याच्या नद्यांचे पात्र समुद्राजवळ अत्यंत सपाट आहे. त्यामुळे भरतीचे पाणी पात्रातून दूरवर आत जाते आणि उन्हाळ्यात त्याबरोबर खारटपणाही वर सरकतो. पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस काही महिन्यांत पडतो आणि नदी गोड्या पाण्याने भरून वाहते. खाजनाची रचना ऋतूंच्या या पालटावर आधारलेली आहे.

नदीकाठी चिकणमाती व पेंढा यांचा बांध घालून, त्याला बाहेरून जांभ्या दगडाचा आधार देऊन भरतीचे पाणी अडवले जाई. बांधाच्या बाहेर वाढणारी खारफुटी लाटांचा मारा सौम्य करी. बांधात ठरावीक ठिकाणी लाकडी झडपांचे दार असे; त्याला 'मानस' म्हणतात. बाहेरची पातळी वाढली की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आतील सर्वांत खोल भागात पाणी साठवणारे तळे असते, त्यास 'पोंय' हे नाव आहे. पावसाचे पहिले पाणी जमिनीतील मीठ धुऊन नेते, त्यानंतर 'कोरगुट' हे क्षार सहन करणारे भात घेतले जाते. कापणीनंतर मर्यादित प्रमाणात खारे पाणी आत घेऊन मासे व कोळंबी मिळवली जाते, तर काही ठिकाणी मिठागरे चालतात.

या व्यवस्थेचा मर्म तिच्या परस्परावलंबनात आहे. मानस वेळेवर मिटली नाही तर एका शेतकऱ्याचे नव्हे, संपूर्ण खाजनाचे नुकसान होते. बांधाला खेकड्याने पाडलेले छिद्र दुर्लक्षित राहिले, तर पुढच्या उधाणात त्याचे भगदाड होते. म्हणजे खाजनात वैयक्तिक शेती शक्य असली, तरी वैयक्तिक संरक्षण शक्य नाही.

गावकरी संस्था आणि बांधाचा खर्च

खाजनाची प्राचीनता शिलालेख व ताम्रपटांवरून दिसते. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा मौर्य राजा अनिर्जितवर्मन याचा बांदोडा येथील ताम्रपट 'खज्जन' जमिनीचा उल्लेख करतो. यावरून खाडीकाठची जमीन शेतीखाली आणण्याचा उद्योग पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा होता, हे स्पष्ट होते.

हा उद्योग ज्या संस्थेने सांभाळला ती 'गावकरी' होय. गाव वसवणाऱ्या मूळ कुळांचे वंशज म्हणजे गावकार, आणि गावाची जमीन ही त्यांच्या समूहाची मालमत्ता. शेते ठरावीक मुदतीने लिलावाने कसण्यास दिली जात. आलेल्या उत्पन्नातून प्रथम राज्याचा सारा, देवालय आणि बांध-मानशीची दुरुस्ती यांचा खर्च भागवला जाई, आणि शिल्लक राहील तीच गावकारांत वाटली जाई. बांधाचा खर्च वाटपाच्या आधी येत असे, ही बाब येथे महत्त्वाची आहे. बांध ढासळला तर सर्वांचा वाटा घटणार होता. म्हणून देखभाल हे परोपकाराचे नव्हे, तर हिताचे काम ठरले.

तथापि या संस्थेचे आदर्शीकरण करणे योग्य नाही. नफ्यातील वाटा पुरुष गावकारांपुरता मर्यादित होता. ज्या श्रमिक समाजांनी चिखल उपसला आणि बांध चढवला, त्यांना निर्णयप्रक्रियेत स्थान नव्हते. खाजनाची व्यवस्था सामुदायिक होती, पण समतावादी नव्हती. पुढे झालेल्या भूसुधारणांची गरज समजून घेताना ही वस्तुस्थिती विसरता येत नाही.

पोर्तुगीज राजवट : मान्यता आणि नियंत्रण

इ.स. १५१० मध्ये गोवा बेट जिंकल्यावर पोर्तुगीज सत्तेला महसूल हवा होता, आणि महसूल गावकऱ्यांच्या हाती होता. १६ सप्टेंबर १५२६ रोजी अफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या रूढी व हक्क नोंदवणारी सनद प्रसिद्ध केली. एकोणपन्नास कलमांच्या या सनदेत, पूर्वी चार माणसे ओसाड बेटावर येऊन वसली आणि त्यांनी ते लागवडीखाली आणले, अशी उत्पत्तिकथा नमूद आहे. कथेची ऐतिहासिकता तपासण्याजोगी असली, तरी तिचे राजकीय महत्त्व निर्विवाद आहे : जमीन घडवणाऱ्यांचा तिच्यावरील हक्क परकीय सत्तेने लेखी मान्य केला होता.

ही मान्यता निःस्वार्थ नव्हती. बांध टिकला तर भात पिकेल आणि भात पिकले तर सारा येईल, हे राज्यकर्त्यांना उमगले होते. पुढील शतकांत गावकरीचे 'कोमुनिदाद' असे नामांतर झाले आणि शासनाचे नियंत्रण वाढत गेले. १८८२, १९०४ व १९३३ या वर्षांच्या संहितांनी लिलाव, हिशेब, बांधकामे व सभा यांचे तपशीलवार नियम केले, आणि कोमुनिदादींवर शासकीय प्रशासक देखरेख करू लागले. शेवटची संहिता १५ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे मुक्तीच्या अवघे आठ महिने आधी निघाली.

या कालखंडात गावकरीची स्वायत्तता निश्चितच आकसली. मात्र बांधाच्या दृष्टीने पाहता मूळ तत्त्व शाबूत राहिले. जमिनीचे उत्पन्न ज्या संस्थेच्या तिजोरीत जाई, त्याच संस्थेवर बांधाची जबाबदारी होती. शासन तिच्याकडून ते काम करवून घेणारे होते, तिच्या जागी काम करणारे नव्हते.

कूळ कायदा आणि १९७५ चे नियम

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने त्याला मालकीचा मार्ग खुला केला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक होते. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात राबणाऱ्या कुळाला प्रथमच जमिनीची शाश्वती मिळाली. परंतु लिलाव बंद झाल्याने कोमुनिदादीचे खाजनातील उत्पन्न आटले, आणि ज्या तिजोरीतून बांधाचा खर्च होई तीच रिकामी झाली.

बांधाची जबाबदारी आता कोणाची, हा प्रश्न सोडवण्यासाठी कूळ कायद्यात कुळांच्या संयुक्त जबाबदारीची तरतूद करण्यात आली व १९७५ मध्ये तिच्या अंमलबजावणीचे नियम निघाले. त्यानुसार खाजनातील कुळांचे संघ स्थापन झाले. गोव्यात ते 'टेनंट असोसिएशन' याच नावाने ओळखले जातात. मामलेदाराने त्यांच्यावर देखरेख करावी, संघाने व्यवस्थापन समिती निवडावी, वर्गणी व मानशीच्या लिलावाचे उत्पन्न यांतून बांध राखावा, आणि मोठ्या कामांस शासनाने साह्य करावे, अशी योजना होती. कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाने अनेक बांधांची कामे हाती घेतली.

कागदावर ही योजना समुदाय व शासन यांच्या भागीदारीचा उत्तम नमुना होती. गावकारांपुरत्या मर्यादित संस्थेच्या जागी प्रत्यक्ष कसणाऱ्यांची संस्था आली, हे तिचे मोठे यश. परंतु गावकरीकडे शतकांचा हिशेब, अधिकार व दंडशक्ती होती. नव्या संघाला यांपैकी काहीही वारशाने मिळाले नाही. बांध फुटला की अर्ज करायचा आणि मंजुरीची वाट पाहायची, ही सवय रुजू लागली. दुरुस्ती मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहू शकत नाही. भगदाड एका भरतीत जेवढे असते, तेवढे ते दुसऱ्या भरतीत राहत नाही.

मानशीचे बदललेले अर्थकारण

याच काळात दुसरा बदल घडत होता. भातशेतीचा मजुरीखर्च वाढला, तरुण पिढी इतर व्यवसायांकडे वळली आणि कोळंबीला चांगला भाव येऊ लागला. जे मानशीवरील मासेमारीचे उत्पन्न पूर्वी शेतीला पूरक होते, ते आता प्रमुख ठरू लागले. लिलावात मानस घेणाऱ्या ठेकेदाराचे हित मर्यादित मुदतीत जास्तीत जास्त मासळी मिळवण्यात होते. त्यासाठी भरतीचे पाणी अधिक आत यावे, मानस अधिक काळ उघडी राहावी, हे त्याला सोयीचे होते. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही झाल्या. ज्या दारावर खारे पाणी रोखण्याची जबाबदारी होती, तेच दार ते आत घेण्यासाठी वापरले जाऊ लागले.

याला बाह्य कारणांची जोड मिळाली. लोहखनिजाने भरलेल्या बार्ज दीर्घकाळ मांडवी-जुवारीतून ये-जा करत राहिल्या आणि त्यांच्या लाटांनी बांधांची झीज झाली. २०१२ मध्ये खाणकाम थांबेपर्यंत ही वाहतूक मोठ्या प्रमाणावर चालू होती. रस्ते, लोहमार्ग व घरबांधणी यांच्या भरावांनी खाजनातील पाण्याच्या वाटा अडल्या. बार्जचा लाभ एकाला आणि झिजलेल्या बांधाचा भार दुसऱ्याला, अशी ही विभागणी होती.

किनारा नियमन : संरक्षणाची नवी भाषा

१९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी विशेष तरतूद होती : खाजन जमिनींचे नकाशे तयार करावेत, त्यांचे संरक्षण व्हावे आणि त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा बनवावा. खाजनास पर्यावरणीय वारसा म्हणून मिळालेली ही मान्यता स्वागतार्ह होती.

परंतु येथे एक विसंगती निर्माण होते. बांध फुटून शेत पाण्याखाली गेले की काही वर्षांत तेथे खारफुटी वाढते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे पडीक खाजन पुन्हा भातशेतीखाली आणू पाहणारा शेतकरी अडचणीत येतो. बांधाबाहेरची खारफुटी ही खाजनाची रक्षक. बांधाच्या आतील खारफुटी ही बहुधा त्याच्या दुर्लक्षाची खूण. नियमन दोहोंना एकाच मापाने मोजते. बांधकामास मनाई करणारा कायदा खाजनाचा विध्वंस रोखू शकतो, पण दरवर्षी बांधावर चिखल चढवणारे हात तो निर्माण करू शकत नाही.

कोकणातील समांतर अनुभव

गोव्याचा हा अनुभव एकाकी नाही. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेण परिसरातील खारेपाटातही समुद्राचे पाणी बंदिस्तीने रोखून भातशेती केली गेली, आणि शेतकरी 'जोळ' पद्धतीने एकत्र येऊन बांधाची दुरुस्ती करत असत. मुंबई राज्याच्या १९४८ च्या खार जमीन कायद्याने व पुढे महाराष्ट्राच्या १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने हे काम उत्तरोत्तर शासकीय यंत्रणेकडे नेले. तेथेही जुनी सामूहिक पद्धत क्षीण झाली. दोन भिन्न राजवटींतून आलेल्या प्रदेशांत समान परिणाम दिसावा, यावरून कारण केवळ स्थानिक नसून संस्थात्मक आहे, असे अनुमान काढता येते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, समुदाय स्वयंपूर्ण होता आणि शासनाने त्यास बिघडवले, हे चित्र अपुरे आहे. सोळाव्या शतकापासून तरी खाजन हे दोघांच्या संबंधातूनच टिकले. दुसरी, भूसुधारणेने खाजन मोडले, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. दोष हक्क देण्यात नव्हता, तर हक्काबरोबर बांधाची तिजोरी व अधिकार न देण्यात होता. तिसरी, शासनाचे साह्य समुदायाच्या कामास पूरक असते तेव्हा ते बळ देते; त्या कामाची जागा घेते तेव्हा ते समुदायाला आश्रित करते.

यावरून धोरणासाठी एक दिशा सुचते. मानशीचे उत्पन्न प्रथम बांधासाठी राखून ठेवणे, मानस चालवण्याचे वेळापत्रक भाताच्या हंगामाशी बांधणे, कूळ संघांना हिशेबाची सक्ती व तातडीच्या दुरुस्तीचा निधी एकाच वेळी देणे, आणि जलमार्ग वा भराव यांमुळे होणाऱ्या हानीचा भार ती करणाऱ्यांवर टाकणे, या उपायांत नवे असे थोडेच आहे. खर्च आधी आणि वाटप नंतर, हा गावकरीचा जुना दंडक त्यांच्या मुळाशी आहे. तो जन्मसिद्ध हक्काच्या चौकटीतून काढून कसणाऱ्या सर्वांना, स्त्रियांसह, लागू करणे हे आजचे काम आहे. समुद्राची पातळी वाढत असताना त्यास विलंब झाला, तर खाजन नकाशावर संरक्षित राहील आणि प्रत्यक्षात पाण्याखाली असेल.