परदेशी उद्योजकांचा कामाचा परवाना (थायलंड)

थायलंडमध्ये स्वतःची कंपनी काढणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही तिथे काम करण्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. मालक झालो म्हणजे काम करता येते, ही समजूत इथे महागात पडते. बँकॉकमध्ये उपाहारगृह काढणारा मालक गल्ल्यावर बसला, तरी कायद्याच्या दृष्टीने ते कामच.

आधी ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा लागतो. त्यावर सुरुवातीला ९० दिवस राहता येते. त्यानंतर कामगार खात्याचा परवाना. साधारणपणे एका परदेशी व्यक्तीमागे कंपनीचे भांडवल २० लाख बाथ असावे लागते आणि मुक्काम वर्षभरासाठी वाढवून घेताना चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. छोट्या धंद्याला भांडवलापेक्षा ही चौघांची अट जड जाते, कारण पगार दरमहा द्यायचा असतो. गुंतवणूक मंडळाने मान्यता दिलेल्या प्रकल्पांना यातून सूट मिळते.

१९९९च्या परकीय व्यवसाय कायद्यानुसार निम्मे किंवा अधिक भाग परकीयांकडे असलेली कंपनी परकीय ठरते आणि अनेक व्यवसाय तिला विशेष परवानगीशिवाय करता येत नाहीत. म्हणून ४९ टक्क्यांची वाटणी रूढ झाली. मात्र नावापुरते थाई भागधारक उभे करणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केशकर्तन, थाई मसाज, पर्यटकांना वाट दाखवणे ही कामे थाई नागरिकांसाठीच राखीव आहेत. परवान्याविना काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि हद्दपारी होते.