कांजिण्यांची रक्तांतील साक्ष

घरांत एका मुलाच्या अंगावर पाणेरी फोड उठले कीं वडीलधाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बाकीच्यांना येऊन गेल्या आहेत ना?" उत्तर द्यावयाचें तें आईनें, आणि तेंही केवळ आठवणीवर. कांजिण्या एकदां येऊन गेल्या म्हणजे सहसा पुन्हां येत नाहींत, हें ज्ञान फार जुनें आहे. परंतु अमक्याला त्या खरोखर येऊन गेल्या कीं नाहीं, याला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आठवणीवांचून दुसरा भरंवशाचा पुरावा नव्हता.

आठवणीवर विसंबण्यांतील धोका लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनीं ओळखला होता. त्या काळीं देवी आणि कांजिण्या यांत पुष्कळ घोटाळा होत असे. १७६७ सालीं तेथील वैद्यमंडळापुढें वाचलेल्या निबंधांत हेबर्डन यांनीं दोन्ही रोगांचीं लक्षणें निराळीं करून दाखविलीं. त्यांची चिंता व्यवहाराची होती. ज्याला केवळ कांजिण्या आल्या, तो आपणांस देवीच येऊन गेल्या असें समजून निर्धास्त होतो आणि पुढें देवीच्या रोग्याजवळ जाऊन बसतो. मराठींत या रोगांचीं नांवें वेगळीं आहेत खरीं. पण नांव वेगळें असल्यानें निदान अचूक होतेंच असें नाहीं. १९७५ सालीं भारतांतील देवीचा शेवटचा रोगी सांपडेपर्यंत, समोरचें पुरळ देवीचें कीं कांजिण्यांचें, हें देवीनिर्मूलनासाठीं हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांचें नित्याचें कोडें होतें.

यापुढील धागा अनपेक्षित ठिकाणीं मिळाला. घरांत मोठ्या माणसाला नागीण झाली म्हणजे कांहीं दिवसांनीं तेथील मुलांना कांजिण्या येतात, असें बुडापेस्टचे बालरोगवैद्य यानोश बोकाय यांना १८८८ सालीं आढळून आलें. नागिणीचीं दोन टोकें कमरेभोंवतीं मिळालीं कीं रोगी दगावतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नव्हे, आणि तींत कांजिण्यांना कोठेंच जागा नाहीं. वस्तुतः दोन्ही रोगांचा विषाणु एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडून जात नाहीं. मज्जातंतूंच्या गांठींत दडून बसतो आणि उतारवयांत किंवा शक्ति खालावली असतां नागिणीच्या रूपानें बाहेर पडतो.

१९२० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें नेतेर व उर्बेन यांनीं फोडांच्या खपल्या घेऊन, रोगांतून उठलेल्या माणसाच्या रक्तरसाशीं त्यांची विक्रिया होते असें दाखविलें. रक्त साक्ष देतें, एवढें त्यावरून सिद्ध झालें. मात्र ती साक्ष अल्पजीवी होती. या रीतीनें सांपडणारीं प्रतिद्रव्यें लवकरच ओसरत, म्हणून तीस वर्षांच्या माणसाला बाळपणीं कांजिण्या आल्या होत्या काय, हें तिला सांगतां येईना. शिवाय खपल्या रोग्याच्याच अंगावरून मिळवावयाच्या. विषाणु प्रयोगशाळेंत वाढवितां आल्यावांचून पुढची वाट खुली होणार नव्हती.

तें काम बोस्टनमध्यें टॉमस वेलर यांनीं हातीं घेतलें. १९४८ सालीं त्यांनीं कांजिण्यांच्या विषाणूसाठीं मानवी ऊतकाच्या कुप्या मांडल्या. त्यांतील कांहीं उरल्या, तेव्हां त्यांनीं त्यांत पोलिओचा विषाणु घातला. आणि तो वाढला! त्या शोधासाठीं १९५४ सालीं वेलर, एंडर्स व रॉबिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पाट मांडला होता कांजिण्यांसाठीं, जेवून गेला पोलिओ. कांजिण्यांच्या विषाणूनें आणखी कांहीं वर्षें वाट पाहावयास लावली. तो हातीं आल्यावर, १९५४ सालींच, वेलर व आल्बर्ट कून्स यांनीं चमकणाऱ्या रंगाच्या साहाय्यानें दाखविलें कीं, रोगमुक्तांच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें विषाणुग्रस्त पेशींना जाऊन चिकटतात.

येथवर हा विषय प्रयोगशाळेच्या कुतूहलाचा होता. त्याला जीवनमरणाचें रूप आलें तें रक्ताच्या कर्करोगावर औषधें निघाल्यानंतर. या रोगानें पछाडलेलीं मुलें औषधांनीं कांहीं काळ बरीं राहूं लागलीं, शाळेंत जाऊं लागलीं. पण त्याच औषधांनीं त्यांची प्रतिकारशक्ति खचलेली असे. शेजारच्या बांकावरील मुलाच्या साध्या कांजिण्या त्यांच्या फुप्फुसांत व यकृतांत उतरत, आणि कर्करोगांतून तगलेलें मूल कांजिण्यांनीं जाई. आईबापांच्या दृष्टीनें याहून क्रूर थट्टा कोणती?

१९६९ सालीं न्यूयॉर्कमध्यें फिलिप ब्रुनेल व त्यांचे सहकारी यांनीं एक उपाय पुढें मांडला. नागिणींतून नुकत्याच उठलेल्या माणसांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें विपुल असतात. तीं काढून, संसर्ग झाल्यापासून तीन दिवसांच्या आंत निरोगी मुलांना टोंचलीं असतां कांजिण्या टळल्या. बोकाय यांनीं जिला दोषी ठरविलें होतें, त्या नागिणीच्याच रोग्यांकडून औषध मिळालें. पण असे दाते थोडे, आणि द्रव्य अत्यल्प. तें कोणास द्यावें? ज्याला कांजिण्या येऊन गेल्या त्याला देणें म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणें. ज्याला आल्या नाहींत त्याला नाकारणें म्हणजे त्याला मृत्यूच्या दारांत उभें करणें. आणि हा निवाडा तीन दिवसांच्या आंत करावयाचा.

याच निकडींतून १९७४ सालीं ब्रुनेल, ॲन गर्शन व त्यांचे सहकारी यांनीं नवी परीक्षा प्रसिद्ध केली. विषाणु शिरलेल्या जिवंत पेशी घ्यावयाच्या, त्यांवर मुलाचा रक्तरस घालावयाचा, आणि मग मानवी प्रतिद्रव्यांना धरून ठेवणारें, चमकता रंग लावलेलें द्रव्य त्यांत सोडावयाचें. रक्तरसांत प्रतिद्रव्यें असलीं तर सूक्ष्मदर्शकाखालीं पेशीच्या कांठाभोंवतीं हिरवें तेजस्वी कडें उमटतें. नसलीं तर अंधार. ज्यांच्या रक्तरसानें असें कडें दाखविलें, त्यांना पुढें घरांतल्या घरांत संसर्ग होऊनही कांजिण्या क्वचितच आल्या. परीक्षा मोठी नाजूक, हातखंडा माणसाचेंच काम. म्हणून ती थोड्याच प्रयोगशाळांत रुजली. सर्वत्र पसरली ती रंगबदलावरून निकाल देणारी सोपी परीक्षा. तिची मूळ रीति १९७१ सालीं स्वीडन व हॉलंड या देशांत स्वतंत्रपणें निघाली होती.

रक्त बोलूं लागल्यावर आठवणीचीही परीक्षा झाली. "येऊन गेल्या" असें सांगणारा प्रौढ माणूस बहुधा खरा ठरला. "नाहीं आल्या" म्हणणारांपैकीं मात्र थंड देशांत बहुतेकांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें सांपडलीं. आईनें खोटें सांगितलें नव्हतें. चार फोड येऊन गेले आणि ते कोणाच्या ध्यानींही आले नाहींत, इतकेंच. उष्ण देशांत चित्र निराळें आहे. तेथें कांजिण्या पुष्कळदां मोठेपणीं येतात, म्हणून तेथून इंग्लंडला गेलेल्या परिचारिकेच्या आठवणीवर न थांबतां तिचें रक्त तपासणें बरें, असें तेथील वैद्यक मानतें. गर्भवतीची गोष्टही अशीच. आईच्या कांजिण्यांनीं गर्भांत व्यंग येऊं शकतें, हें १९४७ सालीं प्रथम नोंदलें गेलें. आणि प्रसूतीच्या सुमारास आईला त्या आल्यास अर्भकाचा जीव धोक्यांत येतो. रोग्याच्या सहवासांत आलेली, पण पूर्वीची खात्री नसलेली गर्भवती वैद्याकडे गेली म्हणजे त्यामुळेंच तिचें रक्त पाहतात.

इतकें झाल्यावर लसीनें नवाच पेंच टाकला. जपानचे मिचिआकि ताकाहाशि यांनीं १९७४ सालीं कांजिण्यांची लस प्रसिद्ध केली, आणि १९९५ सालीं अमेरिकेंत तिला परवानगी मिळाली. लसीनें उत्पन्न होणारीं प्रतिद्रव्यें खऱ्या रोगानंतरच्यापेक्षां कमी भरतात. नेहमींच्या रंगबदलाच्या परीक्षेंत तीं पुष्कळदां दिसतच नाहींत, आणि संरक्षित माणूस असंरक्षित ठरतो. यास्तव अमेरिकेंतील आरोग्य-अधिकाऱ्यांनीं नियम केला कीं, लसीच्या दोन मात्रा घेतल्याची लेखी नोंद असेल तर रक्त पाहूं नये. आणि कोणीं पाहिलेंच व त्यांत कांहीं आढळलें नाहीं, तर नोंद खरी धरावी.