ज्यू डे स्कूलमधील बालवर्ग

ज्यू डे स्कूल म्हणजे ज्यू धर्माचे शिक्षण आणि सामान्य शालेय शिक्षण एकाच ठिकाणी, पूर्णवेळ देणारी खासगी शाळा होय. अमेरिकेतील अशा शाळांत मूल साधारणपणे पाचव्या वर्षी बालवर्गात (किंडरगार्टन) प्रवेश घेते व वर्षभराने पहिलीत जाते. या एका वर्षात त्याला इंग्रजी व हिब्रू या दोन लिप्या, नागरी व हिब्रू या दोन दिनदर्शिका आणि ज्यू घरातील नित्याचार यांची ओळख करून दिली जाते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बहुसंख्य ज्यू मुले सरकारी शाळांत जात. धर्मशिक्षण त्यांना दुपारनंतरच्या किंवा रविवारच्या वर्गांत मिळे. सरकारी शाळेच्या वर्गातच धर्मशिक्षण देणे १९४८ साली मॅक्कॉलम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. त्याच दशकात युरोपातील ज्यू विद्येची जुनी केंद्रे नाझी संहारात नष्ट झाली. पूर्वी घर, शेजार आणि सभास्थान यांतून जे आपोआप मिळत असे, ते आता शाळेनेच दिले पाहिजे, असा विचार त्यामुळे बळावला. न्यू यॉर्कमधील रमाझ शाळा १९३७ मध्ये सुरू झाली. गावोगावी डे स्कूल स्थापन करण्यासाठी १९४४ मध्ये तोरा उमेसोरा ही संस्था उभी राहिली. १९५० च्या दशकात कन्झर्व्हेटिव्ह पंथाने सॉलोमन शेक्टर यांच्या नावाने शाळा काढल्या.

लिपी व भाषा

हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे असून त्यांपैकी पाच अक्षरांचे रूप शब्दाच्या शेवटी बदलते. लेखन उजवीकडून डावीकडे होते. स्वर दाखविण्यासाठी अक्षराच्या खाली, वर किंवा आत ठिपके व रेघा देतात. देवनागरीतील काना-मात्रांप्रमाणे त्या व्यंजनाला जोडून वाचाव्या लागतात. बालवर्गात प्रथम छापील अक्षरे शिकवतात. मातीची अक्षरे करणे, वाळूत बोटाने गिरवणे, अक्षरावरून वस्तू ओळखणे अशा खेळांतून ती पक्की केली जातात. हाताने जलद लिहिण्याची वळणदार लिपी बहुधा पुढील इयत्तेत येते. काही शाळांत हिब्रूचा तास हिब्रूतूनच घेतला जातो. शिक्षिका हावभाव, चित्रे व गाणी यांच्या साहाय्याने अर्थ पोहोचवते.

दिनदर्शिका व सण

सकाळच्या गोलात मुले वार मोजतात. हिब्रूत रविवार हा ‘पहिला दिवस’, सोमवार ‘दुसरा दिवस’ असा क्रम असून स्वतंत्र नाव केवळ सातव्या दिवसाला, शब्बाथला आहे. शुक्रवारी वर्गात शब्बाथची तयारी होते. मुले पाळीपाळीने आई-वडिलांची भूमिका घेतात, दिव्यांचा विधी करून पाहतात, द्राक्षरस पितात आणि खल्ला नावाचा वेणीच्या आकाराचा पाव वाटून खातात. त्या आठवड्याच्या तोरा वाचनातील कथाही याच दिवशी सांगितली जाते.

वर्षाचा अभ्यासक्रम सणांभोवती फिरतो. रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, सफरचंद मधात बुडवून खातात व शोफार हे शिंग ऐकतात. मंडपांच्या सणाला झावळ्यांचा मांडव सजवतात. हनुक्काच्या आठ रात्रींचे दिवे, तू बिश्वातला झाडे लावणे आणि पुरीमची सोंगे यांनंतर वल्हांडण सण येतो. त्यासाठी वर्गात सेदर या भोजनविधीची रंगीत तालीम होते. ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ या अर्थाचे चार प्रश्न विचारण्याचा मान परंपरेने घरातील सर्वांत लहान मुलाचा असतो. बालवर्गातील मुले हे प्रश्न पाठ करतात. वडीलधाऱ्यांनी मिसरमधून सुटकेची कथा सांगावी, यासाठी बालकाने आधी प्रश्न विचारावा, अशी ही रचना आहे.

नित्याचार

खाण्यापूर्वीचे आशीर्वचन हा रोजच्या शिक्षणाचा भाग असतो. भाकरीचे, झाडाच्या फळाचे व जमिनीतून उगवणाऱ्या पदार्थाचे आशीर्वचन वेगवेगळे असल्याने मुले डबा उघडताच पदार्थांचे वर्गीकरण करतात. केळ दुसऱ्या गटात न जाता जमिनीच्या गटात येते, कारण घड दिल्यावर त्या खोडाला पुन्हा फळ येत नाही. डब्यात मांस व दूध एकत्र न आणण्याचा नियम येथेच अंगवळणी पडतो. वर्गातील पेटीत नाणे टाकून दानधर्माची (त्सदाका) सवय लावतात. जमलेली रक्कम कोणाला द्यावी, याची चर्चा मुलांसमोर होते.

सामान्य विषय

इंग्रजी वाचनाची पूर्वतयारी, १०० पर्यंत मोजणी, साधी बेरीज-वजाबाकी, निसर्गनिरीक्षण, चित्रकला व मोकळा खेळ हे विषय इतर शाळांप्रमाणेच असतात. धार्मिक व सामान्य विषयांसाठी अनेकदा स्वतंत्र शिक्षिका असतात.

मतभेद व अडचणी

दोन अभ्यासक्रम एका दिवसात बसवताना खेळाचा वेळ कमी होण्याचा धोका असतो. शिवाय एक लिपी डावीकडून व दुसरी उजवीकडून वाचताना काही मुलांचा आरंभी गोंधळ उडतो. शुल्क मोठे असल्याने अनेक मुलांची घरे आर्थिक मदतीवर अवलंबून राहतात. पंथांनुसारही भेद आहेत. अनेक कर्मठ शाळांत मुलगे व मुली वेगळे बसतात आणि भर प्रार्थना व तोरा यांवर असतो. उदारमतवादी शाळांत मुलामुलींचा वर्ग एकत्र असून कथेच्या अर्थाविषयी निरनिराळी मते मांडली जातात.

महाराष्ट्रातील ज्यू शाळा

शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने कोकणातील बेने इस्रायल समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. या मराठीभाषक समाजात शब्बाथ व सण घरातूनच टिकले होते. मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये इस्रायली शाळा सुरू झाली व तेथे हिब्रूच्या शिक्षणाची सोय झाली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास, १८७४ मध्ये, पुण्यात वल्हांडणाच्या विधीचे हग्गादा हे पुस्तक हिब्रू संहिता व मराठी भाषांतरासह छापले गेले. त्यातून घरातील लहानग्याचे चार प्रश्न मराठीतूनही समजून घेता येत. १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला स्थलांतरित झाली आणि कदूरी शाळेत आता बहुसंख्य विद्यार्थी अन्य धर्मांचे आहेत.