खरारा

मनुष्यप्राण्याने कुत्रा पाळल्याला हजारो वर्षं झाली. पण त्याला आंघोळ किती दिवसांनी घालायची, हे काही अजून ठरलेलं नाही. निदान आमच्या घरात तरी नाही. आईचा कायदा सरळ होता: रोज आंघोळ, नाहीतर मोतीचा मुक्काम अंगणात. मोती 12 वर्षांचा. थंडीत अंगणात झोपायचं त्याचं वय राहिलेलं नाही. आणि रोज साबण लावला तर कातडीचं तेल जाऊन खाज सुटते. तेव्हा मी त्याचं वकीलपत्र घेतलं आणि इतिहासातले साक्षीदार गोळा केले.

पहिला साक्षीदार झेनोफन. या ग्रीक सेनानीने सुमारे 2400 वर्षांपूर्वी घोड्याच्या निगेवर पुस्तक लिहिलं. डोकं पाण्याने धुवा, पण पाय रोज धुऊ नका, खुरांना बाधतं, असं तो बजावतो.

"मोती काय घोडा आहे?" आई म्हणाली.

मग आरियनला उभं केलं. सिकंदराच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा हा गृहस्थ इ. स. दुसऱ्या शतकातला. त्याने शिकारी कुत्र्यांवरही पुस्तक लिहिलं. त्यात हॉर्मे नावाच्या आपल्या कुत्र्याचं कौतुक तर आहेच; शिवाय तो सांगतो की, अंग चोळणं घोड्याइतकंच कुत्र्यालाही मानवतं. हातपाय बळकट होतात, केस मऊ नि चकचकीत होतात, कातडी स्वच्छ राहते. पाठ चोळताना दुसरा हात पोटाखाली धरावा, म्हणजे बिचारा दाबला जात नाही!

आईने चष्मा वर केला. "अरे, मग खरारा म्हण की! माझ्या आजोबांच्या घोडीला रोज खरारा असायचा. आंघोळ कुठे रोज होती तिला?"

ग्रीकांना ज्यासाठी पानं खर्ची घालावी लागली, ते आईच्या माहेरी एका शब्दात होतं!

तह झाला. रोज खरारा, आंघोळ महिन्यातून एकदा, चिखलात लोळला तर जादा. साबण कुत्र्यांचाच, कारण त्यांची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. मोती माजघरात रुजू झाला.

आरियनने आणखी एक लिहून ठेवलंय: कुत्र्याला माणसाजवळ झोपवावं, त्याने तो अधिक माणसाळतो. ते पान मी आईला वाचून दाखवलेलं नाही. खटला जिंकल्यावर वकिलाने नवे पुरावे दाखल करू नयेत.