मास्टर विठ्ठल : उडी, तलवार आणि उर्दू

मंडळी, पहिला भारतीय बोलपट कोणता हे शाळेतली पोरंही सांगतात. अर्देशीर इराणींचा 'आलम आरा', १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर. पण त्याचा नायक कोण, असं विचारलं की सभेत शांतता पसरते. तो आपल्या बाजूचाच माणूस. मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला.

लहानपणी नाटक मंडळीत कामं केली, मग पेंटरांकडे फिल्मची कापाकापी आणि जोडणी. १९२४ च्या 'कल्याण खजिना'त पडद्यावर आला तो नाचणाऱ्या बाईच्या वेषात. हसू नका. ज्याला ठेक्यावर पाय टाकता येतो, त्याला उडी मारून नेमकं कुठं उतरायचं हेही कळतं. १९२६ साली शारदा फिल्म कंपनीच्या 'रतन मंजरी'त हा नवखा पोरगा नायक झाला, आणि पुढची पाच वर्षं मारामारीच्या मूकपटांचा तो राजा होता. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे.

मला हे बिरूद अपुरं वाटतं. उपमा हॉलिवूडची असेल, पण पडद्यावरची उडी जोखणारा डोळा इथला होता. हिंदुस्थानी सर्कशीचा पाया घालणारे विष्णुपंत छत्रे सांगलीजवळच्या अंकलखोपचे. गावोगाव तालीम, जत्रेत कुस्तीचं मैदान, मिरवणुकीत लाठी आणि दांडपट्टा. पुढं १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, आणि हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. हलगी घुमायला लागली की कुठल्या डावाला दाद द्यायची, हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. असल्या प्रेक्षकाला खोटी उडी दाखवून भागत नाही.

गिल्बर्ट राइल नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ एक फरक करतो : एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, ती करता येणं वेगळं. आमचे सिनेमाचे इतिहासकार पहिल्यालाच ज्ञान मानतात. म्हणून विठ्ठलबद्दल त्यांच्याकडे एकच वाक्य असतं, की त्याला उर्दू जमेना.

आता 'आलम आरा'कडे या. या भूमिकेच्या सुमारास त्यानं शारदाशी करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जिना! खटला जिंकला. एवढं करून मिळालं काय? उच्चार कच्चे म्हणून नायक बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवला, असं सांगतात. ज्याच्या उड्यांसाठी लोक पैसे मोजत, त्यालाच झोपवून ठेवला.

दोष फक्त उर्दूचा होता का? मला नाही वाटत. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून शूटिंग रात्री. माइक नटांच्या आसपास लपवलेले. माइकपासून लांब गेलं की आवाज गेलाच समजा. अशा जागी उर्दूचा पंडित असता तरी तलवार घेऊन धावला नसता. मूकपटात कॅमेऱ्याचं हँडल जरा हळू फिरवलं की पडद्यावर चपळाई वाढायची, ती सोयही आवाजानं काढून घेतली. शब्द आले आणि शरीराला खिळे ठोकले गेले, असं माझं मत आहे. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

विठ्ठल मात्र संपला नाही. मराठी ऐतिहासिक चित्रपटांत तो पुन्हा उभा राहिला. भालजी पेंढारकरांचा १९३९ चा 'नेताजी पालकर' त्यातलाच. इथं भाषा घरची होती, आणि एव्हाना आवाजाचं तंत्रही सुधारलं होतं. १९६९ पर्यंत तो हयात होता.

'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. छायाचित्रं आहेत, त्यात तो जुबेदाबरोबर दिसतो. पण फोटोत उडी दिसत नाही हो.

पुढच्या व्याख्यानात नादिया आणि १९३५ चा 'हंटरवाली' घेऊ.