तबल्याच्या जागी यंत्र

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांजवळ वाढलेल्या माणसाला रागांची नावे कळायला गाणे शिकावे लागत नाही. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, तेव्हा अब्बा मला मांडीवर घेऊन बसायचे. त्यामुळे मुलाने एके दिवशी संगणकावर ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका लावली, तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. भैरव, आणि तोही डिस्कोवर! ललत सुरू होईपर्यंत मात्र मी खुर्ची जवळ ओढली होती.

ही तबकडी चरणजित सिंग यांची. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते गिटार आणि नंतर सिंथेसायझर वाजवीत. गाणे गाजते ते गायकाच्या आणि संगीतकाराच्या नावावर; मागे बसलेल्या वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळतात. १९८० साली ‘कुर्बानी’ आला, त्यानंतर नाझिया हसनचे ‘डिस्को दिवाने’, मग १९८२ साली ‘डिस्को डान्सर’. लग्नाच्या बँडवालेसुद्धा तेच वाजवू लागले. याच लाटेत चरणजित सिंगांना वाटले, तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत.

त्यांच्याकडे तीन जपानी यंत्रे होती, तिन्ही रोलँड कंपनीची. एक ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, दुसरे टीआर-८०८ हे तालयंत्र आणि तिसरे टीबी-३०३ हे चपटे, खेळण्यासारखे दिसणारे यंत्र. एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून ते बनवले होते. पण त्यातून खऱ्या बेस गिटारसारखा आवाज काही निघेना, म्हणून ते खपले नाही आणि तीनेक वर्षांत बंद पडले. त्यात एक सोय होती : एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची. कंपनीच्या भाषेत ‘स्लाइड’. आपण तिला काय म्हणू, ते मिरजेत सांगायची गरज नाही.

इथे जरा आकाशवाणीचा इतिहास आठवावा. १९४० पासून १९७१ पर्यंत याच आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. कारण, पेटीच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही. राग यंत्रात मावत नाही, हा आपला जुना वाद. चरणजित सिंगांनी त्यावर भाषण केले नाही, यंत्रेच जुळवली. भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी – एकूण दहा राग. ठेका कुठेही ढळत नाही, आणि त्यावर सूर मात्र वळत, ओघळत जातो. सगळेच जमले आहे असे मी म्हणणार नाही. आलापाची सैल चाल या ठेक्यात बसत नाही. पण भैरव ऐकाच.

१९८२ साली मुद्रित झालेली ही तबकडी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या ‘फ्युचर’ नावाच्या गटाने, जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या त्याच टीबी-३०३ वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केले आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा प्रकार जगभर गेला. २०१० साली एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा कित्येकांना ती कुणी केलेली थट्टाच वाटली. मग ‘अ‍ॅसिड हाउसचा जनक’ अशी पदवी आली. मला ती पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा काही पुरावा नाही. त्यांनी खुंट्या पिळून आवाज किंचाळता केला. हा माणूस त्याच यंत्राला रागाचे स्वर शिकवीत होता. वाट वेगळी, घर वेगळे. त्याला मोठे म्हणायला शिकागोचा दाखला आपल्याला का लागावा?

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात ही यंत्रे मांडून कार्यक्रम केले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते वारले.

शेजारच्या एका वृद्ध कारागिरांना मी मालकंस ऐकवला. चाचांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. “मींड बरी आहे,” म्हणाले. “वाजवणारे किती जण?”

“एकच.”

“आणि तबलजी?”

“ते यंत्र आहे, चाचा.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, “मग तबलजी काय करतो आता?”