त्सावोच्या काठचा धडा

मराठीतील ‘सफर’ आणि स्वाहिलीतील ‘सफारी’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळापासून निघालेले आहेत. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे केवळ प्रवास. आज मात्र हा शब्द उच्चारताच आफ्रिकेतील सिंह, हत्ती व गवताळ राने डोळ्यांपुढे येतात. अशा सफरीवर निघालेल्या प्रवाशाला वाटाड्या प्रथम काही नियम सांगतो : गाडीतून खाली उतरू नका, तंबूचे दार उघडे टाकू नका, काळोख पडल्यावर एकटे हिंडू नका. हे नियम ऐकणाऱ्यास कोरडे वाटतात. परंतु त्यांचे मोल काय आहे, हे १८९८ साली केनियातील त्सावो नदीच्या काठी हिंदी मजुरांनी प्राण देऊन दाखविले आहे.

मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या युगांडा रेल्वेचे काम १८९६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून कराराने नेण्यात आले. त्यांत पंजाबी लोकांचा भरणा मोठा होता. मार्च १८९८ मध्ये जॉन हेन्री पॅटर्सन हा अधिकारी त्सावोवरील पूल बांधण्यासाठी आला आणि थोड्याच दिवसांत दोन आयाळविरहित सिंहांनी रात्री छावणीतून माणसे उचलण्यास प्रारंभ केला. उंगन सिंग नावाचा जमादार तंबूच्या उघड्या दाराशी निजला होता. सिंहाने दारातून डोके आत घातले व सर्वांत जवळचा म्हणून त्यालाच धरले.

मजुरांनी काटेरी कुंपणे घातली, रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवल्या, डबे बडविले. तरीही सिंह काटे भेदून आत येत. रुग्णालयाची जागा बदलली, तर नव्या जागेतून त्यांनी भिस्त्याला ओढून नेले. पॅटर्सन बंदूक घेऊन एका ठिकाणी जागत बसे आणि सिंह दुसरीकडेच जात. अखेर १ डिसेंबर रोजी मजुरांनी काम थांबविले. शेकडो जण रुळांवर आडवे पडून येती गाडी अडवून तीत चढले व निघून गेले. मागे उरलेल्यांनी पाण्याच्या टाक्यांवर व झाडांवर बिछाने टाकले. काहींनी तंबूत खड्डे खणून त्यांवर जाड ओंडके रचले. पळून जाणाऱ्यांस भित्रे म्हणणे सोपे आहे. पण धोक्यापासून दूर जाणे अथवा त्याच्या आवाक्याबाहेर निजणे, हाच तेथे खरा शहाणपणा होता.

एक सिंह ९ डिसेंबरला आणि दुसरा २९ डिसेंबरला मारला गेला. पॅटर्सनने १९०७ च्या आपल्या पुस्तकात २८ हिंदी मजूर व त्यांखेरीज काही आफ्रिकी लोक बळी पडल्याचे लिहिले; पुढे त्याने हा आकडा १३५ सांगितला. सिंहांच्या अस्थी व केस तपासून शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सुमारे ३५ माणसांचा अंदाज दिला. एका सिंहाचा सुळा मोडून जबड्यास व्याधी जडली होती, असेही आढळले. १८९० च्या दशकातील गुरांच्या रोगाने रानरेड्यांसारखी शिकारही घटली होती.

बंदूक हाती असली म्हणजे मनुष्य निर्धास्त होतो, हा समज १९०० साली किमा स्थानकावर खोटा ठरला. नरभक्षक सिंहाला मारण्यासाठी रेल्वे पोलिसांचा अधिकारी चार्ल्स रायल दोन सोबत्यांसह आगगाडीच्या डब्यात दबा धरून बसला होता. पहाऱ्यावर असताना त्याला झोप लागली. सिंह सरकत्या दारातून आत शिरला आणि त्याला खिडकीवाटे घेऊन गेला. शिकारीच सावज झाला, तो शस्त्राच्या अभावी नव्हे, तर क्षणभराच्या गाफीलपणामुळे.

१९४८ मध्ये त्सावो हे राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील रानावर आजही पहिला हक्क पशूंचा आहे. मनुष्य तेथे पाहुणा म्हणून जातो आणि पाहुण्याने घरच्यांच्या वेळा व वाटा सांभाळाव्यात, हीच रीत. ते दोन सिंह पेंढा भरलेल्या रूपात शिकागोच्या फील्ड संग्रहालयात उभे आहेत व लोक त्यांना कुतूहलाने पाहतात. सफरीवर गेलेल्याने सायंकाळी तंबूचे दार नीट लावून घेताना, त्या दाराशी निजलेल्या जमादाराचीही आठवण ठेवावी.